मार्जारन्यायाची दुसरी बाजू

श्रीवैष्णव संप्रदायात, रामानुजाचार्यांच्या पश्चात, ईश्वराची कृपा जिवाला कोणत्या रीतीने प्राप्त होते याविषयी जो दीर्घ वाद चालला, त्याचे मर्म पुढे दोन पिलांच्या दृष्टांतांत साठवले गेले. माकडिणीचे पिलू आईच्या पोटाला आपल्या हातांनी घट्ट बिलगून राहते, तसा जिवाच्या अंगी काही प्रयत्न हवाच, असे वडकलै शाखेचे म्हणणे; मांजरीचे पिलू काहीच करीत नाही, आई मानेशी धरून नेईल तिकडे अंग सैल सोडून जाते, तसे जिवाने निःशेष शरण जावे, असे तेन्कलै शाखेचे. मर्कटकिशोरन्याय आणि मार्जारकिशोरन्याय या नावांनी हे दोन पक्ष प्रसिद्ध आहेत, आणि त्यांची जी चर्चा माझ्या वाचनात आली ती बहुतेक पिलाच्या बाजूने झालेली: पिलाने काय करावे, किती करावे, की काही करूच नये. ज्याच्या दातांत त्या पिलाची मान असते त्याच्यावर कोणते ओझे येऊन पडते, हे ईश्वराला विचारण्याचे धार्ष्ट्य आपण सहसा करीत नाही. रुआबांध्याच्या एका क्वार्टरच्या परसात, भर पावसाळ्यात, दीड महिन्याच्या एका भिजलेल्या पिलाने तोच प्रश्न मला विचारला, तेव्हा मात्र तो टाळण्याची सोय राहिली नाही.

रुआबांधा हा भिलाईच्या पोलादनगरीचा, रिसालीच्या शेजारचा भाग. ज्या कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली, त्याच्या पाळ्यांवर येथील घरांची घड्याळे चालतात. आणि एका भिंतीपलीकडे तेलुगू, दुसरीपलीकडे बंगाली, समोर छत्तीसगढी असा शेजार असल्यामुळे कोणाच्या घरून कोणत्या वारी कोणत्या फोडणीचा वास येणार हे सर्वांना पाठ असते. आमचे घर विदर्भातून आलेले आणि माळकरी. समोरच्या बाईंनी "बिलई आए हे" अशी वर्दी दिली, आईने पिलाला पदराने पुसून त्याचे मनी असे नाव ठेवले, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या दस्तुराला अनुसरून बशीत दूधभात कालवून पुढे सरकवला. तिसऱ्या दिवशी जुलाबांनी ते पिलू लोळागोळा होऊन पडले.

पशुवैद्यांनी औषध दिले आणि त्याबरोबर जे ज्ञान दिले ते औषधाहून कडू होते. अंगावरचे दूध सुटू लागले की दुधातली साखर पचवण्याची मांजराची शक्ती ओसरू लागते. आणि भात हे तर तिचे अन्नच नव्हे. टॉरिन नावाचे एक द्रव्य तिच्या शरीराला पुरेसे तयार करता येत नाही, ते मांसमासळीतून मिळावे लागते. त्याच्या अभावी मांजराचे दृष्टिपटल झिजते हे १९७५ मध्ये, आणि हृदयाचा स्नायू दुर्बल होऊन ते फुगते हे १९८७ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. गाजरातल्या केशरी द्रव्यापासून अ जीवनसत्त्व घडवण्याची जी किमया आपल्या देहात सहज चालते, ती तिच्या देहात चालत नाही. इतकेच काय, गोड चव ओळखण्यासाठी लागणारे एक जनुक मार्जारकुळात निकामी झालेले आहे, हे २००५ साली उघड झाले. सायीवर मनीचा डोळा असतो तो स्निग्धतेसाठी, आणि आमच्या सत्यनारायणाच्या शिऱ्यातले माधुर्य तिच्या सृष्टीत अस्तित्वातच नाही.

येथे घरात धर्मसंकट उभे राहिले. गीतेच्या सतराव्या अध्यायातले सात्त्विक, राजस आणि तामस आहाराचे वर्गीकरण आपल्याकडे इतके मुरले आहे की त्याच्या आधारे आपण शेजाऱ्याच्या ताटाचाही परस्पर निवाडा करून टाकतो. पण तो अध्याय आरंभी श्रद्धेविषयी बोलतो आणि मग आहाराकडे वळतो. म्हणजे ज्याला श्रद्धा आहे, रुची आहे, आणि त्या दोहोंमध्ये निवड करण्याची मुभा आहे, त्याच्याच ताटाला गुणांची ही मोजपट्टी लागू. भिलाईच्या मैत्रीबाग प्राणिसंग्रहालयातल्या पांढऱ्या वाघाला कोणी तामस म्हणून नावे ठेवीत नाही. मग त्याच्याच कुळातल्या, अर्धा-पाऊण किलो वजनाच्या जिवाला सात्त्विक करण्याची आम्हाला एवढी घाई का व्हावी? महाभारताच्या उद्योगपर्वात गंगातीरी तपाचे ढोंग करून विश्वासलेल्या उंदरांना गिळणाऱ्या मांजराची कथा आहे, आणि दांभिकाला बैडालव्रती म्हणण्याचा प्रघात स्मृतिकारांपासून चालत आला आहे. मला वाटते, पिलाला दूधभातावर ठेवून घराचे सोवळे सांभाळणारे आपण ते व्रत तिच्यावर लादतो. दिवसा ती आपल्या समाधानासाठी बशी चाटणार आणि रात्री कौलांवर आपला खरा धर्म पाळणार. दंभ आपला, आणि बदनामी तिच्या जातीची!

पण एवढ्याने हिंसेचा हिशेब मिटत नाही, कारण मांजर जरी दोषातून सुटले तरी बाजारातून मासळी आणणारा हात माझा आहे. या प्रश्नावर आपल्या परंपरेत सर्वांत निर्भयपणे कोणी बोलले असेल तर तो वनपर्वातला धर्मव्याध. मिथिलेत मांसविक्री करणारा हा खाटीक कौशिक ब्राह्मणाला ऐकवतो की नांगराच्या फाळाखाली जीव मरतात, धान्याचा दाणा हाही जीवच, आणि चालणाऱ्याच्या पावलाखाली काय चिरडते याची मोजदाद नाही. संपूर्ण अहिंसक असा देहधारी दाखवता येणार नाही, यत्नाने हिंसा कमी करणारा तेवढा दाखवता येईल. टिळकांनी गीतारहस्याच्या 'कर्मजिज्ञासा' प्रकरणात अहिंसेच्या मर्यादांचा विचार याच वळणाने केला आहे. आणि तो ग्रंथ हिंदीत नेणारे माधवराव सप्रे हे १९०० साली याच छत्तीसगढातून, पेंड्र्याहून, 'छत्तीसगढ मित्र' काढणारे मराठी गृहस्थ, म्हणून त्या चर्चेला आमच्या या मुलखात थोडी घरची ऊब आहे. ही सारी प्रमाणे मी आईपुढे मांडली. तिने ती शांतपणे ऐकून घेतली आणि एवढेच म्हणाली, "अरे, नामदेवाची भाकरी कुत्र्याने पळवली, तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले. कोरडी भाकरी त्याला बाधेल एवढेच त्यांनी पाहिले. तू परसात वेगळी शेगडी मांड. माझ्या चुलीवर मात्र काही आणू नकोस."

शेगडी मांडली, आणि मग खरा प्रश्न सुरू झाला, कारण 'मांस द्यावे' एवढ्याने काही ठरत नाही. नुसत्या कोंबडीच्या मांसात चुना नाही, तेवढ्यावर वाढणाऱ्या पिलाची हाडे ठिसूळ होतात. काळीज तिला प्रिय, पण त्याचा अतिरेक झाला तर अ जीवनसत्त्व साठून हाडांचे सांधे आखडतात. काही मासे कच्चे दिले तर त्यांतले एक विकर ब जीवनसत्त्वाचा नाश करते. आणि आपल्या रश्श्यातला कांदा-लसूण तर तिच्या रक्तातल्या तांबड्या पेशीच फोडतो. तेव्हा पिलांच्या वाढीसाठी सर्वांगपूर्ण बनवलेले अन्न हा पाया ठरला, आणि त्या पायावर पशुवैद्यांनी पालट सुचवला: आज कोंबडीचे, काही दिवसांनी मासळीचे, कधी कोरडे दाणे, कधी मऊ लगदा, मधून शिजवून काटे काढलेल्या रोहूचे दोन घास. नवे अन्न एकदम पुढे ठेवावयाचे नाही. जुन्यात चतुर्थांश मिसळून आठ-दहा दिवसांत ते प्रमाण वाढवावयाचे, पोट बिघडले तर माघार घ्यावयाची, आणि रुसली तर उपाशी ठेवून वठणीवर आणण्याची मर्दुमकी मुळीच गाजवावयाची नाही. एखादे मांस मुद्दाम न चाखवता राखून ठेवावे, हेही त्यांनी बजावले; पुढे कधी अन्नाची ॲलर्जी उद्भवली तर परीक्षेसाठी अनोळखी अन्न शिल्लक हवे.

या सगळ्या खटाटोपावर माझ्यातल्या माळकऱ्याने हरकत घेतली. आपल्या धर्मसाधनेचा रोख रसना जिंकण्याकडे आहे. चातुर्मासात एकेक पदार्थ सोडावयाचा, एकभुक्त राहावयाचे, ताटातले मीठ वर्ज्य करावयाचे, ही आपली शिकवण. आणि येथे आपण एका पिलाच्या जिभेला आठवड्याआड नवा नजराणा पेश करीत आहोत! हे कौतुक म्हणावे की चोचले?

या हरकतीचे उत्तर मला मांजरीणच देऊन गेली. मनीची आई नव्हे, ती कधी परतलीच नाही, पण तिच्या जातीची रीत. पिले चार आठवड्यांची होऊ लागली की मांजरीण त्यांच्यासाठी शिकार आणू लागते, आणि तिची शिकार काही एका जिनसाची नसते: एके दिवशी उंदीर, दुसऱ्या दिवशी चिमणी, कधी पाल, कधी नाकतोडा. आईने जे आणले ते अन्न, ही ओळख पिलाच्या मनात त्या कोवळ्या मुदतीत पक्की होते. जे पिलू एकाच चवीवर, एकाच पोतावर वाढते, ते पुढे बहुधा दुसऱ्या अन्नाला अन्न मानावयास तयार होत नाही; आणि म्हातारपणी मूत्रपिंडे थकून पथ्याचे अन्न घेण्याची वेळ आली की ते बशीला पाठ फिरवून बसते. मांजराचे उपोषण मनुष्याच्या उपोषणासारखे पुण्यप्रद नाही. काही दिवस अन्न सुटले की अंगातली चरबी यकृतात साचून तेच प्राणावर बेतते. म्हणजे ज्या पालटाला मी भोग समजत होतो, तो मनीच्या बाबतीत आसक्तीवरचा उतारा निघाला. मनुष्याला अनेक रसांची हाव असते, म्हणून त्याचा संयम पदार्थ कमी करण्यात आहे; मांजराचा जीव एकाच रसात अडकतो, म्हणून त्याची सुटका पदार्थांची ओळख वाढवण्यात आहे. दोन्हीकडे साध्य एकच, की अमुक नसेल तर जगणार नाही असे कोणाला म्हणावे लागू नये.

आता मार्जारकिशोरन्यायाकडे परत येतो. पिलाची शरणागती निःशेष असते, हे आचार्यांनी बरोबर पाहिले. पण तिच्यामुळे आईला निश्चिंत होता येत नाही. पिलाने आपली सारी मुखत्यारी तिच्या हवाली केल्यावर कोठे न्यावे, काय भरवावे, आणि ज्या दिवसांत आपण नसू त्या दिवसांसाठी काय शिकवून ठेवावे, हा सर्व कारभार तिचा. आणि त्यात चूक झाली तर पिलापाशी फिर्याद करण्यापुरतीही वाचा नाही. शरण आलेल्याच्या वतीने निवड करताना आपली आवड, आपले सोवळे, आपले पुण्य यांना त्या निवडीत शिरू न देणे, यातच शरण्याचा धर्म आहे. देव तो कसा पाळतो हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. माणसाला तो फार जड जातो, एवढे मी परसातल्या शेगडीपुढे रोहूचे काटे काढताना शिकलो.

मनीच्या अन्नाच्या पालटाचे टिपण आई स्वतःच्या हाताने भिंतीवरच्या कॅलेंडरात ठेवते. काल सहज पाहिले, तर या पंधरवड्यातल्या एकादशीच्या चौकटीत तिने आपल्या उपासासाठी 'वरई' लिहिले होते, आणि त्याखाली, त्याच पेन्सिलीने, किंचित बारीक अक्षरात, 'मनी: मासळी'.