चूल तिथे कुळाचार

जालना, अंबड, परतूर, भोकरदन या पट्ट्यात भाद्रपदातला घरचा सर्वांत मोठा सण कोणता, असं विचारलं तर बहुतेक घरांतून गणपतीच्याही आधी महालक्ष्म्यांचं नाव येईल. अनुराधा नक्षत्रावर त्या येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर जातात. ब्राह्मण, मराठा, लिंगायत, सोनार, माळी अशा अनेक समाजांच्या घरांत हा कुळाचार आहे. प्रत्येक घराची रीत थोडी वेगळी आणि प्रत्येक घर आपल्या रीतीला घट्ट. कुणाकडे उभ्याच्या, कुणाकडे बसत्या. कुणाकडे पितळी मुखवटे, कुणाकडे शाडूचे. या घरांतला एखादा मुलगा नोकरीसाठी डॅलसला किंवा म्युनिकला गेला, तिथेच स्थिरावला, की चार-पाच वर्षांत एक प्रश्न हमखास उभा राहतो: त्याने तिथे लक्ष्म्या बसवायच्या का? घरातली वडीलधारी माणसं सहसा नको म्हणतात. लक्ष्म्या मूळ घरीच बसतात, त्या अशा कुठेही नेता येत नाहीत, तू तिथून नमस्कार कर म्हणजे झालं. मुलगा-सून फार तर फोटोपुढे पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात आणि तेवढ्यावर समाधान मानतात. परदेशात केलेला सण म्हणजे एक सवलत, मूळ गोष्टीची पातळ नक्कल, असं दोघांनीही मनाशी धरलेलं असतं. मला हे धरून चालणंच चुकीचं वाटतं. आपल्याच शास्त्राच्या आणि आपल्याच रूढीच्या कसोटीवर, परदेशात वेगळी चूल मांडलेल्या घराला कुळाचार नुसता चालतो असं नाही, तो त्या घराचं कर्तव्य ठरतो.

चुलीचा मुद्दा माझा नाही. बृहस्पतीच्या नावाने चालत आलेल्या स्मृतिवचनाचा आशय असा: जे एका पाकावर राहतात त्यांची देवपूजा, पितृकार्य एक; जे विभक्त झाले त्यांचं तेच कार्य घरोघरी वेगळं. इथे शेत कुणाच्या नावावर आहे, वाडा कुणाचा आहे, हे विचारलेलं नाही. अन्न कुठे शिजतं एवढंच विचारलं आहे, आणि ते रास्त आहे. महालक्ष्म्यांच्या सणाचा गाभा पाहिला तर तो स्वयंपाक आहे. सोळा भाज्या, ज्वारीची आंबील, पुरणाच्या दिव्यांनी आरती, वर टांगलेला करंज्या-सांजोऱ्यांचा फुलोरा, आणि मग सवाष्णींच्या पंगती. माहेरवाशीण आली आहे, तिला जेवू घालायचं आहे, हा या पूजेचा सगळा अर्थ. तो चुलीशिवाय पुरा होत नाही. मराठवाड्यातली रूढी मात्र या वचनाच्या पुढे गेली. भावाभावांच्या वाटण्या झाल्या, जमीन वाटली, भांडी वाटली, तरी पुष्कळ घरांत मुखवटे थोरल्याकडेच राहिले आणि बाकीचे भाऊ बायकामुलांसह तीन दिवस तिथे येत राहिले. या रूढीत मोठं शहाणपण होतं, कारण वाटण्या झालेल्या माणसांना वर्षातून एकदा एका पंगतीत बसवायची ताकद तिच्यात होती. पण ही रूढी एका गृहीतावर उभी होती: येणारा येऊ शकतो. संभाजीनगरहून, पुण्याहून रात्रीची गाडी धरून येता येतं. भाद्रपदात शाळा नुकत्याच सुरू झालेल्या देशातून, मोजक्या रजेवर, चौघांचं तिकीट काढून दरवर्षी येता येत नाही. ज्या कारणासाठी रूढी होती ते कारण जिथे उरत नाही, तिथे मूळ वचनाकडे परत जाणं हाच सरळ मार्ग आहे.

यावर पहिला आक्षेप देशाचा. पुण्यभूमी ही, ती भोगभूमी. समुद्र ओलांडला की आचार सुटला. कलिवर्ज्यांच्या यादीत समुद्रगमन घातलं गेलं आणि एकोणिसाव्या शतकात परदेशातून परतलेल्या कित्येकांना त्यापायी प्रायश्चित्त घ्यावं लागलं, हे खरं. पण त्याच शतकात, 1883 साली, आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या तेव्हा आपण हिंदू म्हणूनच जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं आणि परमुलखात आहार-वेष सांभाळून ते पाळलं. आज तो निर्बंध कुणी मानत नाही, तेव्हा त्यावर जास्त शब्द खर्च करण्याचं कारण नाही. विचार करण्याजोगी गोष्ट संकल्पाची आहे. कोणतीही पूजा सुरू करताना आपण कुठे आहोत आणि केव्हा आहोत ते आधी उच्चारावं लागतं. द्वीप, वर्ष, मग गोदावरीचा कोणता तीर. जालना जिल्हा गोदेच्या उत्तर तीरावर, म्हणून इथला संकल्प उत्तर तीराचा. पुण्याचा माणूस दक्षिण तीर म्हणतो. गोदावरीच्या या दोन काठांमधलं अंतरसुद्धा ज्या विधीला महत्त्वाचं वाटतं, तो विधी करणारा माणूस टेक्सासमध्ये बसून आपण गोदातीरी आहोत असं म्हणू लागला तर ते त्या विधीला धरून कसं होईल? परदेशातल्या अनेक मंदिरांत गुरुजी संकल्पात तिथल्या खंडाचं, तिथल्या शहराचं नाव घेतात. त्यांनी शास्त्र मोडलेलं नाही. देश खरा सांगा, ही शास्त्राची अट त्यांनी पाळली आहे.

काळाचंही तेच. तिथी-नक्षत्रं चंद्रसूर्यांच्या गतीवर ठरतात, त्यामुळे अमावास्या सगळ्या पृथ्वीवर एकाच क्षणी लागते आणि एकाच क्षणी संपते. पण सण ठरतो तो त्या गावच्या सूर्योदयावरून, सूर्यास्तावरून. 2024 ची दिवाळी आठवून पाहावी. भारतात आश्विनातली अमावास्या 31 ऑक्टोबरला दुपारी चारच्या सुमारास लागली आणि 1 नोव्हेंबरला संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास संपली. दोन्ही संध्याकाळी प्रदोषकाळाला अमावास्येचा स्पर्श होता, म्हणून देशभर वाद झाला. महाराष्ट्रातल्या प्रमुख पंचांगांनी 1 नोव्हेंबर धरला आणि जालन्याच्या बाजारपेठेत वहीपूजन त्याच संध्याकाळी झालं. न्यूयॉर्कच्या घड्याळात तीच अमावास्या 31 ऑक्टोबरच्या सकाळी साडेसहाच्या आतबाहेर लागून 1 नोव्हेंबरला सकाळी पावणेनऊला संपलेली होती. म्हणजे तिथे वादाला जागाच नव्हती, लक्ष्मीपूजन 31 तारखेचंच. गावाकडून फोन आला की ‘आज आहे’ आणि म्हणून ज्यांनी तिथे 1 नोव्हेंबरच्या संध्याकाळी पूजा मांडली, त्यांनी श्रद्धेने पण प्रतिपदेला लक्ष्मीपूजन केलं. गावाशी एकनिष्ठ राहण्याच्या ओढीने शास्त्र हातातून निसटतं ते असं. ज्येष्ठा नक्षत्राचा दिवसही काही वर्षी तिकडे एक तारीख आधी येतो. तेव्हा आईने फोनवर सांगितलेली तारीख लिहून घ्यावी, आणि पूजा मात्र तिथल्या पंचांगावरून करावी.

पण नवी जागा, नवं पंचांग मान्य केलं तरी देव कोणते, हा प्रश्न राहतोच. इथे जालना जिल्ह्यातलंच उदाहरण डोळ्यासमोर येतं. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. 1608 साली, रामनवमीच्या दिवशी, सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी त्यांचा जन्म. रामाची उपासना त्या घरातली. बाराव्या वर्षी ते घरातून निघाले, टाकळीला तप केलं, भारतभर हिंडले आणि शेवटी कृष्णाखोऱ्यात येऊन 1648 च्या सुमारास चाफळला राममंदिर उभारून रामजन्माचा उत्सव सुरू केला. चाफळची मूर्ती जांबहून आणलेली नाही. परंपरा सांगते की ती अंगापूरच्या डोहातून, कृष्णेच्या पाण्यातून वर काढली. जांबचे राम जांबलाच राहिले. थोरले बंधू गंगाधरपंत तिथे होते, त्यांनी घरचं सगळं सांभाळलं. घरातून निघालेल्याने घरचा देव उचलून नेला नाही आणि घरचा देव तिकडे आहे म्हणून उत्सवही थांबवला नाही. जिथे राहिला तिथल्या नदीतून देव घेतला. समर्थ विरक्त होते, गृहस्थाचा कुळाचार त्यांना लागू कसा, असं कुणी म्हणेल. ते मान्य. पण विरक्ताला मुळात कुळाचाराचं बंधन नसताना त्याने वडिलांच्या घरचीच उपासना, घरच्याच तिथीला, परमुलखात मांडली, यावरून ती उपासना भिंतींशी बांधलेली नव्हती हेच दिसतं. म्हणून मूळ घरी लक्ष्म्या बसत आहेत तोवर मुखवट्यांची वाटणी करू नये. तिकडच्या घराने आपले मुखवटे नवे घडवून घ्यावेत.

रुजेल का ते तिकडे? इतिहास पाहता रुजतं. व्यंकोजीराजे 1676 च्या आगेमागे तंजावरला गेले, त्यांच्यामागे मराठी घरं गेली, समर्थांचे मठही तिथे उभे राहिले. 1855 साली राज्य गेलं, तरी त्या घरांतले कुळाचार राज्याबरोबर गेले नाहीत. मॉरिशसला एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून गेलेल्या मराठी माणसांच्या वंशजांपैकी अनेकांची घरची बोली आता क्रिओल आहे, पण गणेशचतुर्थी तिथे सार्वजनिक सुट्टीचा दिवस आहे आणि कोकणातली जाखडी झाकरी या नावाने अजून नाचली जाते. मला सर्वांत बोलकं वाटतं ते बेने इस्रायल समाजाचं. हे मराठी बोलणारे कोकणातले ज्यू. एलियाहू हनावीच्या नावाने ते मलिदा करतात: पोहे, ओलं खोबरं, साखर, वर फळं, सगळं एका ताटात रचून. 1948 नंतर त्यांतले बहुतेक इस्रायलला गेले, म्हणजे स्वतःच्या धर्माच्या मूळ भूमीवर गेले. तिथे पोहोचल्यावर कोकणातली ही रीत आता कशाला, असं म्हणायला त्यांना पूर्ण मुभा होती. त्यांनी मलिदा सोडला नाही.

सगळंच नेता येतं असं मात्र नाही, आणि ते कबूल केल्याशिवाय बाकीचं बोलणं खरं होत नाही. राजूरच्या गणपतीची अंगारकी राजूरलाच. अंबडची मत्स्योदरी त्या माशाच्या आकाराच्या टेकडीवरच. बैल नसलेल्या घरी पोळा मातीच्या बैलांवर होतो, पण गावात एकही बैल नसेल तर तो पोळा नुसता आठवणीपुरता. क्षेत्र, यात्रा, पीक, जनावर यांच्याशी जे बांधलं आहे ते इथेच राहू द्यावं, त्याची प्रतिकृती करायच्या भरीस पडू नये. चुलीशी बांधलेलं आहे ते न्यावं. आणि नेताना चूल तिथली आहे हे विसरू नये. सोळा भाज्यांत कोणत्या सोळा हे इथेही घरागणिक बदलतं. भाद्रपदात शिवारात जे निघतं ते, असा त्या यादीचा उगम. मग गोठवलेल्या पाकिटांतून दोडकी-चवळी शोधत फिरण्यापेक्षा त्या आठवड्यात तिथल्या शेतकरी बाजारात आलेला झुकिनी, केल, बीन्स, लाल भोपळा घ्यावा. सोळा मात्र भराव्यात. आघाडा-केना तिथे मिळणार नाही, दारची पानंफुलं चालतील. ज्वारीची आंबील सोडू नये. ज्वारीचं पीठ आता जगभर मिळतं आणि ती चव या जमिनीची आहे.

सोयीच्या शनिवाराचा प्रश्न याहून अवघड आहे. कित्येक मंडळं आपला गणपती शनिवार-रविवारी करतात. मंडळाचं संमेलन सोयीने व्हायला माझी हरकत नाही, ते माणसांचं आहे. घरच्या पूजेला मात्र नक्षत्र सोडू नये. कामावरून येऊन संध्याकाळी का होईना, त्या दिवशीच दारातून पावलं काढून लक्ष्म्या आत घ्याव्यात. सुट्टी नाही ही अडचण खरी, पण सालदारालाही सणाला सुट्टी सहज मिळत नव्हती आणि त्याच्या घरीही लक्ष्म्या येतच होत्या. पंगत मोठी करायची असेल तर ती शनिवारी पुन्हा घालावी. सवाष्णी कोण बोलवायच्या? शेजारची केरळची बाई, मुलाच्या वर्गातल्या मेक्सिकन मुलीची आई. ज्यांना आपण घरी जेवू घालतो त्यांच्या रूपाने देवी जेवते, ही श्रद्धा खरी असेल तर तिने आधी जात आणि पासपोर्ट विचारू नये. माझ्या मते परदेशातल्या कुळाचाराने इथल्या कुळाचाराला शिकवण्यासारखी ही एकच गोष्ट आहे, आणि ती मोठी आहे.

शेवटचा आक्षेप कुणी शास्त्राच्या भाषेत मांडत नाही, पण सर्वांत जड तोच आहे. प्रत्येकाने आपापल्या चुलीवर लक्ष्म्या बसवल्या तर जालन्याच्या त्या घरात कोण उरतं? सत्तरीतली दोन माणसं, दोन मुखवटे आणि सोळा भाज्यांचा स्वयंपाक. व्हिडिओ कॉलवर आरती दिसते, प्रसाद मिळत नाही. या नुकसानीवर माझ्याकडे उतारा नाही. एवढंच म्हणता येतं की मुलगा तिकडे काहीच करत नसता तरी हे घर रिकामंच राहिलं असतं, आणि आईने शिकवलेला फुलोरा तिच्या हयातीत दुसऱ्या घरात उभा राहिलेला तिला दिसला नसता. म्हणून जिथे शक्य आहे तिथे आई-वडिलांनी एखाद्या भाद्रपदात तिकडे जावं, पुरण किती शिजवायचं, सोळा पदरांचा दोरा कसा करायचा, कथा कोणती वाचायची हे तिथल्या ओट्यापाशी उभं राहून सांगावं. त्या वर्षी इथल्या लक्ष्म्या शेजारच्या चुलत घरात बसतील. आणि ज्या घरी एकच मुलगी आहे, ती परदेशात आहे, तिथे तर थांबूच नये. माहेरच्या लक्ष्म्या मुलीकडे जात नाहीत असं पुष्कळ घरांत मानतात. पण माहेरची चूल ज्या दिवशी विझेल त्या दिवशी त्या मुखवट्यांना दुसरी चूल उरलेली नसेल. जाताना ते तिच्या हातातल्या बॅगेत द्यावेत, सामानात नव्हे, आणि धान्य भरायच्या कोठ्या तिथेच करून घ्यायला सांगाव्यात.