चाहत्याचा राग आणि मालकाचा हक्क

खेळाचा संघ कागदोपत्री मालकाचा असतो आणि मनाने चाहत्यांचा. संघ जिंकत असतो तोवर या दोन हक्कांची टक्कर होत नाही. संघ हरू लागला आणि त्या हरण्यामागे व्यवस्थापनाचे निर्णय दिसू लागले, की मात्र एक जुना तात्त्विक प्रश्न नव्याने उभा राहतो. ज्याच्या नावावर संघाचा एकही समभाग नाही आणि निर्णयात ज्याला मत नाही, त्या चाहत्याला मालकाकडे जाब मागण्याचा अधिकार आहे का? त्याचा संताप म्हणजे नुसता हिरमोड, की त्याला काही नैतिक आधार आहे? अमेरिकी बेसबॉलमधल्या ओकलंड ॲथलेटिक्स या संघाच्या अखेरच्या वर्षांत हा प्रश्न जितक्या उघडपणे पुढे आला, तितका क्वचितच आला असेल.

ओकलंडमध्ये काय घडले

ॲथलेटिक्स हा संघ 1901 मध्ये फिलाडेल्फियात सुरू झाला, 1955 मध्ये कॅन्सस सिटीला गेला आणि 1968 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंड या बंदराच्या, कष्टकऱ्यांच्या शहरात आला. तिथे त्याने 1972, 1973 आणि 1974 अशी सलग तीन वर्षे, आणि पुढे 1989 मध्ये, वर्ल्ड सिरीज ही अजिंक्यपदाची मालिका जिंकली. हाती पैसा थोडा असला तरी डोके लढवून जिंकता येते, हेही ओकलंडने पाहिले होते. 2002 मध्ये सरव्यवस्थापक बिली बीन यांनी आकडेवारीच्या आधारे, इतरांनी दुर्लक्षिलेले खेळाडू निवडून उभ्या केलेल्या संघाने सलग 20 सामने जिंकले होते. त्यामुळे कमी खर्चाचा संघ ही तिथल्या चाहत्यांची तक्रार कधीच नव्हती.

2005 मध्ये जॉन फिशर आणि लू वोल्फ यांच्या गटाने संघ विकत घेतला. 2016 नंतर सूत्रे फिशर यांच्याकडेच राहिली. 2021 च्या हंगामात संघाने 86 सामने जिंकले होते. पुढच्या हंगामाच्या तोंडावर मॅट ओल्सन, मॅट चॅपमन, ख्रिस बॅसिट आणि शॉन मनाया हे बिनीचे खेळाडू एकामागून एक इतर संघांना देण्यात आले. वर्ष सरता सरता फ्रँकी मोंटास आणि शॉन मर्फीही गेले. 2022 मध्ये संघ 102 सामने हरला आणि 2023 मध्ये 112. त्या वर्षी खेळाडूंच्या पगारावरचा त्याचा खर्च मेजर लीग या बेसबॉलच्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेतल्या 30 संघांत सर्वांत कमी होता. स्टेडियम ओस पडू लागले. एप्रिल 2023 मध्ये लास व्हेगासला स्थलांतर करण्याचा बेत जाहीर झाला, आणि रिकाम्या खुर्च्या हाच शहराच्या उदासीनतेचा पुरावा म्हणून दाखवला जाऊ लागला.

याला चाहत्यांनी दिलेले उत्तर बारकाईने पाहण्याजोगे आहे. 13 जून 2023 रोजी, मंगळवारच्या एका साध्या सामन्याला, त्यांनी ठरवून गर्दी केली. बहिष्काराच्या उलट असलेल्या या निषेधाला 27,759 प्रेक्षक आले. अनेकांच्या अंगात हिरवे टीशर्ट होते आणि त्यांवर ‘विका’ या अर्थाचा एकच इंग्रजी शब्द होता. पाचव्या डावाच्या सुरुवातीला सगळे स्टेडियम ठरल्याप्रमाणे गप्प झाले आणि मग ‘संघ विका’ ही एकच घोषणा उठली. ॲथलेटिक्सने त्या दिवशी टॅम्पा बे रेजला 2-1 असे हरवले, आणि मालकाविरुद्ध घोषणा देणारेच खेळाडूंसाठी टाळ्या वाजवत होते. त्याच आठवड्यात नेवाडा राज्याने लास व्हेगासच्या स्टेडियमसाठी 38 कोटी डॉलरपर्यंतच्या सार्वजनिक निधीला मंजुरी दिली. नोव्हेंबरमध्ये मेजर लीगमधल्या सर्व संघमालकांनी स्थलांतराला एकमताने मान्यता दिली. ओकलंडमधला शेवटचा सामना 26 सप्टेंबर 2024 रोजी झाला. त्याला 46,889 प्रेक्षक होते.

हरणे आणि जिंकण्याचा प्रयत्न सोडणे

चाहत्याच्या रागाचा विचार करताना आधी त्याचा विषय नेमका केला पाहिजे. पराभव हा खेळाचाच भाग आहे. प्रत्येक सामन्यात कोणीतरी हरतेच. चुकीचा निर्णय हाही गुन्हा नव्हे, कारण खेळाडूची निवड म्हणजे भविष्याविषयीचा अंदाज असतो. दीर्घकाळ हरत राहणेसुद्धा प्रामाणिक योजनेचा भाग असू शकते. शिकागो कब्ज 2012 मध्ये 101 सामने हरले, पण तरुण खेळाडू घडवून संघ नव्याने उभा करायचा असा बेत त्यामागे होता. 2016 मध्ये त्यांनी 108 वर्षांनंतर वर्ल्ड सिरीज जिंकली. तिथले चाहते वैतागले असतील, पण फसवले गेले नाहीत.

तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्स यांनी ‘द ग्रासहॉपर’ (1978) या ग्रंथात केलेली मांडणी इथे उपयोगी पडते. त्यांच्या मते खेळ म्हणजे अनावश्यक अडथळे ओलांडण्याचा स्वेच्छेने केलेला प्रयत्न. लबाडी करणाऱ्याला उद्दिष्ट मान्य असते, पण नियम नसतात. याच्या उलट एक प्रकार आहे: नियम सगळे पाळायचे, पण जिंकण्याचा प्रयत्न करायचा नाही. असा माणूस मैदानात असतो, तरी खेळत नसतो. मालक नियमाप्रमाणे संघ उतरवतो, पगार देतो, वेळापत्रक पाळतो. पण जिंकणे हे उद्दिष्टच त्याने सोडले असेल, तर खेळाचा आत्मा नाहीसा होतो. प्रतिस्पर्ध्यांशीही हा अन्यायच, कारण दोन्ही बाजूंनी प्रयत्न झाल्याखेरीज विजयाला किंमत नसते. या धोक्याची जाणीव मेजर लीगलाही आहे. सर्वांत वाईट कामगिरी करणाऱ्याला नव्या खेळाडूंतली पहिली निवड हमखास मिळण्याची जुनी पद्धत बदलून, मालक आणि खेळाडू यांच्यातल्या 2022 च्या करारान्वये तिथे सोडत आणली गेली. ओकलंडच्या चाहत्यांचा रोख याच गोष्टीवर होता: संघ हरतो यावर नव्हे, तर त्याला हरू दिले जाते यावर.

राग म्हणजे जबाबदारी मानणे

रागाच्या विरोधात सर्वांत जुना आक्षेप स्टोइक परंपरेचा आहे. रोममध्ये रथांच्या शर्यतींचे हिरवा, निळा असे पक्ष होते. सम्राट मार्कस ऑरेलियस आपल्या चिंतनात बालपणीच्या शिक्षकाचे ऋण मानतो, ते अशा पक्षांच्या नादी न लागण्याच्या शिकवणीबद्दलही. जे आपल्या हाती नाही त्यावर मनःशांती टांगू नये, हा त्यामागचा विचार. तो वैयक्तिक सुखाचा मार्ग म्हणून खरा आहे. पण दुसऱ्याच्या वागण्याची योग्यायोग्यता त्याने ठरत नाही. चाहत्याने मन शांत ठेवले म्हणून मालकाचे वागणे न्याय्य होत नाही.

तत्त्वज्ञ पी. एफ. स्ट्रॉसन यांनी 1962 मधल्या ‘फ्रीडम अँड रिझेंटमेंट’ या निबंधात दाखवले की राग, कृतज्ञता, क्षमा या भावना परस्परांना जबाबदार मानण्याच्या व्यवहारातच रुजलेल्या असतात. पावसाने सामना बुडाला तर माणूस हळहळतो. पण पावसाविषयी त्याच्या मनात अढी बसत नाही. अढी बसते ती ज्याच्याकडून सद्भावाची अपेक्षा रास्त होती त्याच्याबद्दल. म्हणून चाहत्याचा राग हा मालकाला माणूस आणि भागीदार मानल्याची खूण आहे. आता प्रश्न उरतो तो इतकाच, की ही अपेक्षा रास्त कशावरून?

निष्ठेतून आलेला हक्क

या प्रश्नाचे उत्तर देणारा विचारवंत योगायोगाने कॅलिफोर्नियातलाच आहे. जोसाया रॉइस यांचा जन्म 1855 मध्ये तिथेच झाला. ज्या विद्यापीठात ते शिकले, ते त्यांच्या विद्यार्थिदशेच्या सुरुवातीला ओकलंडमध्येच होते. ‘द फिलॉसॉफी ऑफ लॉयल्टी’ (1908) या ग्रंथात त्यांनी निष्ठेला सर्व नीतीचा पाया मानले. निष्ठा म्हणजे एखाद्या कार्याला स्वेच्छेने, कृतीतून आणि सातत्याने वाहून घेणे. त्यांची कसोटी अशी की जे कार्य इतरांच्या मनातही निष्ठा जागवते ते चांगले, आणि जे दुसऱ्यांच्या निष्ठेचा घात करते ते वाईट. या कसोटीवर, चाहत्यांच्या निष्ठेवर उभ्या राहिलेल्या संघाचा उपयोग तीच निष्ठा झिजवण्यासाठी करणे हा साधा व्यापारी निर्णय राहत नाही. त्यात माणसांच्या एका मौल्यवान क्षमतेचा अपव्यय होतो.

या निष्ठेनेच संघाला किंमत येते. गणवेश, नाव आणि परवाना यांचा बाजारभाव ठरतो तो त्यामागे उभ्या असलेल्या पिढ्यांमुळे. आजोबांनी पाहिलेले सामने नातवाला सांगितले जातात, तेव्हा संघाचे भांडवलच वाढत असते. समाजशास्त्रज्ञ एमिल द्युर्केम यांनी 1912 मध्ये धर्माविषयी मांडले की समूह ज्या पवित्र चिन्हाची पूजा करतो, त्या चिन्हात तो स्वतःचेच सामूहिक जीवन पाहत असतो. संघाचे चिन्ह मालक विकत घेऊ शकतो. त्या चिन्हाभोवती जमलेला समूह मात्र त्याने निर्माण केलेला नसतो आणि तो खरेदीखतात येत नाही.

सोडून जाणे की बोलणे

चाहता हा ग्राहक आहे, माल पसंत नसेल तर त्याने दुसरीकडे जावे, असे यावर म्हटले जाते. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी 1970 मध्ये दाखवले की घसरत्या संस्थेतल्या माणसापुढे दोन वाटा असतात: निघून जाणे किंवा आवाज उठवणे. निष्ठा जितकी जास्त, तितका माणूस आधी आवाज उठवतो. बेसबॉलच्या चाहत्याला निघून जाण्याची वाट खऱ्या अर्थाने नाहीच. 1922 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या खेळाला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट मिळाली. मेजर लीगमध्ये कोणाला प्रवेश द्यायचा आणि कोणत्या प्रदेशात कोणी खेळायचे, हे मालकच ठरवतात. शहरातला संघ गेला तर दुसरा आणण्याचा अधिकार शहराकडे नसतो. शिवाय संघ ही बदलून घेण्याजोगी वस्तू नाही. ओकलंडचा चाहता निष्ठा उचलून शेजारच्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सला देऊ शकत नाही.

त्यातच एक पेच होता. स्टेडियमवर न जाणे हा निषेध असला तरी तो उदासीनता म्हणून वाचला जात होता, आणि जाणे म्हणजे जे चालले आहे त्याला पैसे पुरवणे होते. 13 जूनच्या गर्दीने हा पेच सोडवला. प्रेम आहे आणि संमती नाही, या दोन्ही गोष्टी तिने एकाच वेळी सांगितल्या.

भक्ताचे भांडण

धर्मपरंपरांनी हे नाते फार पूर्वी ओळखले आहे. हिब्रू बायबलमधला ईयोब देवावरची श्रद्धा न सोडता त्याच्याकडे न्याय मागतो. वारकरी संतही विठ्ठलाशी लाडाने आणि रागाने भांडतात, आणि ते भांडण अभक्ती मानले जात नाही. जवळीक असते तिथेच भांडणाचा अधिकार असतो. संघाच्या बाबतीत मात्र एक भेद महत्त्वाचा: चाहत्याची भक्ती संघावर असते, मालकावर नाही. देवस्थानाचा कारभार बिघडला म्हणून भक्त देवाला सोडत नाही. तो विश्वस्तांना जाब विचारतो. 13 जूनच्या रात्री खेळाडूंना मिळालेल्या टाळ्या आणि मालकाविरुद्धच्या घोषणा यांत म्हणूनच विसंगती नव्हती.

विश्वस्तपणाची ही कल्पना हवेतली नाही. अमेरिकी फुटबॉलमधला ग्रीन बे पॅकर्स हा संघ 1923 पासून लोकांच्या मालकीचा आहे. त्याच्या भागधारकांना लाभांश मिळत नाही आणि संघ लहानशा शहरात टिकून आहे. बेसबॉलमध्ये सॅन डिएगो पाद्रेजच्या मालकीण जोन क्रॉक यांनी आपला संघ शहरालाच देऊ पाहिला होता. इतर मालकांच्या विरोधामुळे ते झाले नाही. ओकलंडमध्ये 2024 पासून ओकलंड बॉलर्स हा स्वतंत्र लीगमधला छोटा संघ खेळू लागला आणि त्यात सामान्य चाहत्यांनीही पैसे गुंतवले.

हक्काच्या मर्यादा

चाहत्याच्या हक्कालाही सीमा आहेत. मालकाने भांडवल घातलेले असते, जोखीम त्याची असते, आणि जुन्या स्टेडियमची दुरवस्था किंवा शहराशी फिसकटलेली बोलणी यांचा दोष एकट्या त्याच्यावर टाकता येत नाही. सार्वजनिक पैसा स्टेडियमवर न घालण्याचा शहराचा निर्णयही नागरिकांच्या दृष्टीने योग्य असू शकतो. चेंडू फेकणारा कोणता पिचर कधी बदलावा, कोणाला किती वर्षांचा करार द्यावा, हे ठरवण्याची माहिती चाहत्याकडे नसते. म्हणून त्याचा हक्क आज्ञा देण्याचा नाही. खेळाडूला शिवीगाळ करणे, कर्मचाऱ्याला धमकावणे, कोणाच्या कुटुंबाला त्रास देणे यांना निष्ठेचे नाव देता येत नाही. रॉइस यांच्या कसोटीवर तोही निष्ठेचा घातच ठरतो.

चाहत्याचा हक्क आहे तो हिशेब मागण्याचा, आणि त्यातून मालकाची तीन कर्तव्ये निघतात. पहिले, जिंकण्याचा खरा प्रयत्न. आज नसेल तर उद्यासाठीचा, पण खरा. दुसरे, सत्य: संघ दुबळा का केला जात आहे आणि तो शहरात राहणार की नाही, हे ज्यांची निष्ठा पणाला लागली आहे त्यांना स्पष्ट सांगणे. तिसरे, सोडून जाण्यापूर्वी त्या समूहाला संघ राखण्याची रास्त संधी देणे. ही कर्तव्ये पाळणारा मालक शंभर सामने हरला तरी चाहत्यांनी त्याच्याशी धीराने वागावे. ती मोडणाऱ्यावरचा राग न्याय्य आहे. कायद्याने त्याला दाद मिळो वा न मिळो.