नळाशी उभे असलेले मूल

घसा दुखून ताप येऊन गेलेले सात वर्षांचे मूल एके सकाळी अकस्मात नळाशी उभे राहते आणि बोटांच्या पेरांवरची कातडी फुटेपर्यंत हात धूतच राहते, तेव्हा ‘हे कोण करीत आहे?’ हा प्रश्न केवळ वैद्यकाचा न राहता तत्त्वज्ञानाचा होतो. १९९८ साली अमेरिकेतील सूझन स्वीडो व त्यांचे सहकारी यांनी अशा ५० मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचे अनुमान, जे आजही वादातीत नाही, असे की, स्ट्रेप्टोकोकस जंतूंविरुद्ध शरीराने उभारलेली फौज आप-पर विवेक गमावून मेंदूच्या अंतर्भागातील केंद्रांवरच चालून जाते.

सांख्य दर्शनाच्या आचार्यांना याचे नवल वाटले नसते. कारण मन, बुद्धी व अहंकार ही तिन्ही त्यांनी जड प्रकृतीच्याच दप्तरी नोंदवून पुरुषाला, म्हणजे चैतन्याला, केवळ साक्षी मानले आहे. तेव्हा हट्टाचा गुन्हा त्या मुलाच्या नावे दाखल करणे हा उघड अन्याय होय.

मग मेंदूतील दाह शमावा म्हणून आई माशाच्या तेलाचा चमचा किंवा ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब पुढे करते, तो उपचार म्हणावा की नवस? आयब्युप्रोफेनसारखे दाहशामक औषध डॉक्टर काही मुलांना देतात, पण तेही जठराला व मूत्रपिंडाला सांभाळूनच; पूरकांच्या बाजूचा पुरावा तर तुटपुंजाच आहे, आणि प्रतिजैविके व वर्तनोपचार यांची जागा ती घेऊ शकत नाहीत. श्रद्धेला मज्जाव नाही. मात्र चमच्याचे माप श्रद्धेने नव्हे, विवेकाने ठरवावे.