योसेफाच्या अस्थी आणि वसईच्या कबरी



नोव्हेंबर हा मृतांच्या स्मरणाचा महिना. २ तारखेला आपण नेहमीप्रमाणे कबरस्थानात मेणबत्त्या लावल्या. त्यानंतरच्या शनिवारी आपल्या धर्मग्रामातली तीसेक माणसे आम्ही वसईच्या किल्ल्यात जाऊन आलो. मोखाड्याची मंडळी आदल्या रात्रीच जव्हारला मुक्कामाला आली होती. विक्रमगड, मनोर करत महामार्गाला लागलो तेव्हा कुठे उजाडले. गाडीतल्या बहुतेकांनी वसई पाहिलेली होती, पण ती वीटभट्टीची आणि बांधकामाची वसई. किल्ल्याच्या आत कुणी गेले नव्हते.

१५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे वर्षांत तटाच्या आत चर्चेस आणि मठ उभे राहिले. आज त्यांतल्या बहुतेकांवर छप्पर नाही. फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चमध्ये पायाखालीच कबरींच्या दगडी लाद्या आहेत. त्यांवर पोर्तुगीज अक्षरे आणि घराण्यांची चिन्हे कोरलेली आहेत, पुष्कळशी पुसट झालेली. मुले त्यांवरून उड्या मारू लागली. आम्ही सनावळ्या सांगण्यात गुंतलो होतो. एका आजीने मुलांना दटावले, स्वतःच्या चपला काढल्या आणि म्हणाली, "हे यांचे चिरे आहेत ना?" आपल्याकडे पूर्वजाच्या नावाने चिरा बसवतात, तेच तिला तिथे दिसले. मग सगळ्यांनीच चपला काढल्या. हे आम्हाला आधी सुचायला हवे होते.

तिथून संत गोन्सालो गार्सिया यांच्या चर्चमध्ये गेलो. ते मूळचे येशूसंघीयांचे. त्याची दुरुस्ती झालेली आहे आणि संतांच्या सणाला तिथे मिस्सा होते. गोन्सालो वसईत जन्मले, आई इथल्याच मातीतली. पंधराव्या वर्षाच्या सुमारास जपानला गेले, तिथे व्यापार केला, मनिलाला फ्रान्सिस्कन झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर मारले गेले. १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. वसईला त्यांचे नाव आहे, पण त्यांची कबर नाही.

हे सांगून झाल्यावर आपल्यातले एक गृहस्थ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "फादर, आमचा भाऊ इकडेच भट्टीवर वारला. गाडीला पैसे नव्हते, इथंच मातीआड केला. ती जागा आता कुणाच्या तरी कंपाउंडात गेली. तो उठेल तेव्हा कुठून उठेल?"

आम्ही म्हटले, परमेश्वराला जागा विचारावी लागत नाही. उत्तर खरे होते, पण तोकडे होते. त्यांच्या चेहऱ्यावरून ते कळले.

परतीच्या प्रवासात सेमिनरीत वाचलेले आठवत होते. विष घेण्यापूर्वी सॉक्रेटिसला क्रिटोने विचारले, तुला पुरायचे कसे? तो हसला. तुमच्या हाती लागलो तर हवे तसे पुरा, म्हणाला. आत्मा निघून गेल्यावर मागे उरलेल्या देहाची त्याला फिकीर नव्हती. तरुणपणी आम्हाला ते फार थोर वाटायचे. पण पवित्र शास्त्रातला योसेफ असा हसत नाही. परक्या मिसर देशात मरताना तो शपथ घालतो, की देव तुम्हाला इथून नेईल तेव्हा माझ्या अस्थी बरोबर न्या. पुढे कित्येक पिढ्यांनी इस्राएल लोक घाईने निघाले, कणीक फुगायलाही वेळ नव्हता, तरी मोशेने त्या अस्थी घेतल्या. रानात चाळीस वर्षे त्या बरोबर राहिल्या आणि शेवटी शखेमला पुरल्या गेल्या. आपण देहाचे पुनरुत्थान मानतो, तेव्हा आपण योसेफाच्या बाजूचे. दहनाला १९६३ पासून मुभा असली, तरी ख्रिस्तसभा दफनाचाच आग्रह धरते, ते याच श्रद्धेमुळे.

जव्हारला पोहोचल्यावर रात्री मृतांची नोंदवही उघडली. प्रत्येक दफनाची नोंद ठेवावी असा ख्रिस्तसभेचा कायदा आहे, आणि आमची वही व्यवस्थित आहे असे आम्ही समजत होतो. तिच्यात आम्ही पुरलेली माणसे तेवढी सापडली. त्या भावाचे नाव नव्हते. भट्टीवर, रेतीवर, परक्या शहराच्या दवाखान्यात गेलेल्या कुणाचेच नाही. त्यांच्या घरी कधी आम्ही नंतर गेलो, कधी गेलोही नाही.

आता नोंदवहीजवळ एक वेगळी वही ठेवली आहे. पहिले नाव त्या भावाचे लिहिले आहे. तुमच्या घरचे असे कुणी असेल, तर रविवारच्या मिस्सानंतर सांगा: नाव, पाडा, कुठे गेले, साधारण कोणते वर्ष. स्नानसंस्कार झालेला नसला तरी सांगा. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळच्या मिस्सामध्ये सगळी नावे वाचली जातील. दिवाळीनंतर ज्यांना भट्टीवर निघायचे आहे, त्यांनी निघण्याआधी येऊन सांगावे. लिहिता येत नसेल तर आम्ही लिहून घेऊ.