‘नको’ म्हणण्याची मोकळीक

१८९३च्या सुमाराची गोष्ट. कवी नारायण वामन टिळक आगगाडीने नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरे गृहस्थ भेटले. बोलता बोलता कवितेचा विषय निघाला, मग धर्माचा. निरोप घेताना त्या गृहस्थांनी नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हातात ठेवली, नीट वाचा म्हणाले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असंही बोलून गेले. टिळकांनी पुस्तक उघडलं आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते गुंतून पडले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो प्रवासी कोण होता, हे त्यांना कधीच कळलं नाही.

हा प्रसंग सांगताना भाकीत खरं ठरल्याचंच कौतुक जास्त होतं. मला त्यातली दुसरी बाजू मोलाची वाटते. टिळकांनी ते पुस्तक पुढच्या स्टेशनावर बाकावर ठेवून दिलं असतं, तरी त्यांचं काही बिघडणार नव्हतं. त्या प्रवाशाच्या हातात ना टिळकांची नोकरी होती, ना त्यांच्या घरातलं धान्य. दोघे बरोबरीच्या नात्याने बोलले आणि आपापल्या वाटेने गेले.

आपली श्रद्धा दुसऱ्याला सांगूच नये, असं मी म्हणणार नाही. ज्याला जन्माचं काही सापडलं, तो गप्प कसा बसेल? वारकरी तरी कुठे बसतो? धर्मप्रचाराची मुभा असावी की नसावी यावर घटना समितीत १९४८च्या डिसेंबरात चांगलीच खडाजंगी झाली आणि शेवटी ती मुभा पंचविसाव्या कलमात राहिली. पुढे १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, प्रचाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. कायदा इथवर येतो. पुढचा प्रश्न ज्याचा त्याने स्वतःला विचारायचा: माझं ऐकणाऱ्याला ‘नको’ म्हणता येतं का? आणि म्हटल्यावर त्याचं काय होतं?

या प्रश्नापुढे गोड भाषाही पुरी पडत नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात बसून अकरा हजारांच्या घरात मराठी ओव्या रचल्या. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापून निघालं. परक्या माणसाने मराठीवर इतकी माया क्वचितच केली असेल. पण ते ज्या साष्टीत वाचलं जात होतं, तिथली देवळं पोर्तुगीजांनी अर्धशतकापूर्वी पाडली होती आणि गोव्यात इन्क्विझिशन हे धर्मन्यायालय बसलं होतं. ओव्या कितीही रसाळ असल्या, तरी ऐकणाऱ्याच्या मागे सत्तेचा धाक उभा असेल तर त्याच्या मान डोलावण्याला काय अर्थ?

धाक ओळखू तरी येतो. उपकाराचं कोडं जास्त अवघड आहे. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केलं, ते धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचं वचन देऊन. त्या स्वतः ख्रिस्ती झालेल्या, रोज प्रार्थना करणाऱ्या. प्रार्थनेच्या खोलीचं दार उघडं असे. मुली आपणहून येऊन बसल्या तर मी त्यांना हाकलणार नाही, ही त्यांची भूमिका. सदन पुण्याला हलल्यावर १८९३ साली तिथे यावरून वादळ उठलं. रानडे आणि भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या.

रमाबाई चुकल्या का? सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई तिथे चारेक वर्षं राहिली, शिकली, ख्रिस्ती झाली नाही, आणि त्याच १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाली. म्हणजे उघड्या दारातून आत न जाणंही तिथे शक्य होतं. पण गोदूबाईच्या पाठीशी भाऊ होता. पुढे दुष्काळात रमाबाईंनी ज्या शेकडो मुलींना केडगावला आणून वाचवलं, त्यांच्या पाठीशी कोण होतं? रमाबाईंवर टीका करणाऱ्यांपैकी किती जण त्या पोरींना घास भरवायला पुढे आले, हेही विचारायलाच हवं. तरी माझं मत असं की, ज्याच्या हातात भाकरी आहे त्याने सुवार्ता सांगताना दुप्पट जपावं. भुकेल्या माणसाचा होकार कशाला होता, हे त्याचं त्यालाही सांगता येत नाही.

घरातल्या माणसाचं तर आणखीच कठीण. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. नवरा जिवंत असून संसार मोडला. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात ही परवड आहे, आणि तीही अशी हसतखेळत सांगितलेली की वाचणाऱ्याचाच घसा दाटून येतो. काही वर्षं वेगळं राहून त्या टिळकांकडे नगरला आल्या, तेव्हाही आपलं सोवळं आणि आपला स्वयंपाक सांभाळूनच. टिळक तापट, लहरी. घरातली शिल्लक कुणालाही देऊन टाकणारे. पण या एका बाबतीत त्यांनी बायकोवर जबरदस्ती केली नाही. एका घरात एक ख्रिस्ती आणि एक सोवळ्यातली, असं चाललं. पुढे राहुरीला असताना लक्ष्मीबाईंनी मनाशीच वाद घातला, जात देवाने केलेली नाही या निर्णयावर आल्या आणि कुणाच्याही हातचं खायला लागल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. प्रवचनकार नवऱ्याने थांबायचं ठरवलं नसतं, तर हा विचार त्यांचा स्वतःचा राहिला नसता.

हे सगळं सांगणाऱ्याबद्दल झालं. ऐकणाऱ्याच्या गोतावळ्यालाही हीच कसोटी लावायला हवी. १८४३ साली मुंबईत श्रीपत शेषाद्री हा ब्राह्मण मुलगा मिशनऱ्यांकडे गेला. कोर्टाने तो अज्ञान ठरवून बापाच्या स्वाधीन केला. पण प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत परत घ्यावं असं म्हणणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांवरच सनातनी तुटून पडले. मिशनकडे जाऊ दिला नाही आणि घरातही घेईनात! आजही कुणी धर्म बदलला की ‘पैसे घेतले असतील’ हे वाक्य आपल्या ओठांवर तयार असतं. समोरच्याला स्वतःची बुद्धी असू शकते, हे मानायला आपल्याला जड जातं. त्यालाही ‘हो’ म्हणायची मोकळीक हवी ना?

शुभवर्तमानातच याचे दोन धडे आहेत. लूकच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि आभार मानायला एकच परत येतो. येशूला बाकीच्या नऊ जणांची चुटपुट लागते, पण त्यांचं बरं होणं तो काढून घेत नाही. मार्कच्या दहाव्यात एक धनवान माणूस त्याचं ऐकून खिन्न होऊन निघून जातो. येशू त्याच्यावर प्रेम करतो, आणि त्याला जाऊ देतो. मागे धावत नाही, अट सैल करत नाही, शापही देत नाही.

तेव्हा येत्या नाताळात शेजाऱ्याला जरूर बोलवा. केक द्या. तुम्हाला येशूमध्ये काय सापडलं ते त्याने विचारलं तर मोकळेपणाने सांगा, प्रार्थनेला थांबता का असंही विचारा. तो ‘नको’ म्हणाला, तर पुढच्या वर्षीही त्याला बोलवा.