गौरवाचा ठराव आणि सभागृहाचे अवधान

विधिमंडळाच्या वार्तांकनाच्या काळात अधिवेशनाच्या प्रारंभी येणारे शोकप्रस्ताव मी पत्रकारांच्या गॅलरीतून ऐकत असे. दिवंगत माजी सदस्याचा जन्म, शिक्षण, मतदारसंघ आणि भूषविलेली पदे यांचा परिचय वाचला जाई. सदस्य उभे राहून मौन पाळत आणि सभागृहाच्या भावना कुटुंबीयांना कळविल्या जात. अशा प्रस्तावाने कायदा बदलत नाही की तिजोरीवर भार पडत नाही. तरीही जिथे शब्दाशब्दाला आक्षेप निघतो, ते सभागृह एका आयुष्यापुढे एकमुखाने थांबते, ही सामान्य गोष्ट नव्हे.

परंतु ज्याला विरोध होणार नाही हे आधीच ठाऊक असते, त्याकडे लक्ष देण्याची गरजही भासेनाशी होते. अमेरिकेतील राज्यांच्या विधिमंडळांत निवृत्त शिक्षकांपासून विजयी शालेय संघांपर्यंत अनेकांच्या गौरवाचे ठराव संमत होतात. १९७१ मध्ये टेक्ससच्या प्रतिनिधिगृहात टॉम मूर या सदस्याने अल्बर्ट डिसाल्व्हो याचा गौरव करणारा ठराव मांडला. लोकसंख्या नियंत्रणातील कार्याचा त्यात उल्लेख होता. तो एकमताने संमत झाला. डिसाल्व्हो हा बॉस्टनमधील स्त्रियांच्या हत्यांची कबुली दिलेला इसम होता. सहकारी ठराव वाचत नाहीत, हे सिद्ध करून मूर यांनी तो मागे घेतला.

या प्रसंगी सभागृहाची शोभा झाली, हे खरे. पण खरी हानी त्याच सभागृहाने पूर्वी गौरविलेल्या प्रामाणिक माणसांची झाली. न वाचता दिलेला सन्मान पात्र आणि अपात्र यांना एकाच पातळीवर आणतो.

म्हणून गौरवात विशेषणांपेक्षा तपशील मोलाचा ठरतो. विधान परिषदेचे माजी सभापती वि. स. पागे यांना केवळ ‘थोर नेते’ म्हटले, तर ते शब्द कोणालाही लागू पडतील. त्यांच्या पुरस्काराने आकाराला आलेल्या रोजगार हमीला १९७७ च्या कायद्याचे अधिष्ठान मिळाले आणि ग्रामीण मजुराला काम मागण्याचा हक्क लाभला, असे सांगितले की ऐकणाऱ्यापुढे एक आयुष्य उभे राहते आणि त्या हक्काचे आज काय झाले, हा प्रश्नही.

हा प्रश्न मनात घेऊन सभागृह पुढील कामकाजाकडे वळले, तरच गौरव हे लोकप्रतिनिधींचे कर्तव्य ठरते. अन्यथा तो कार्यक्रमपत्रिकेतील एक विषय राहतो.