गुपितं राखणाऱ्यांची गुपितं

अमेरिकेत सरकारी गुपितं हाताळायची तर सिक्युरिटी क्लिअरन्स लागतो. त्याचा अर्ज माणसाचं सगळं आयुष्य विचारतो: कर्ज, दारू, अटक, परदेशातले नातलग. क्लिअरन्स गेला की बहुधा नोकरीही जाते, आणि दाद मागायला फारशी जागा उरत नाही. ब्रेमर्टनच्या पाणबुडी तळावरचे मजूर इगन यांच्यावर जुन्या गुन्ह्यांच्या जोडीला दोन शिक्षा अर्जात न नोंदवल्याचा ठपका होता. त्यांच्या खटल्यात १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितलं, की क्लिअरन्स हा कुणाचा हक्क नव्हे.

लपवाछपवी गंभीर मानावी, हे मला पूर्ण पटतं. अर्जात खोटं लिहिणारा उद्या अहवालातही लिहील. पण समाजाला न रुचणारं खासगी आयुष्य म्हणजे देशाला धोका, हे मला कधीच पटलेलं नाही.

१९५३ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी काढलेल्या आदेशात ‘लैंगिक विकृती’ हे अपात्रतेचं एक कारण होतं. त्याच्या आधारे समलिंगी कर्मचाऱ्यांना हुडकून काढलं गेलं. कारण असं दिलं जाई, की शत्रू त्यांना ब्लॅकमेल करेल. महायुद्धात लढलेले, हार्वर्डमधून डॉक्टरेट मिळवलेले खगोलशास्त्रज्ञ फ्रँक कॅमेनी यांना १९५७ साली लष्कराच्या नकाशा विभागाने काढलं. १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा अर्ज ऐकायलाही नकार दिला. पुढे ते इतरांच्या क्लिअरन्सच्या सुनावण्यांत बाजू मांडत राहिले. त्यांचा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो: जो उघडपणे सांगतो, त्याला धमकावणार कशाने? सांगितलं तर नोकरी जाईल ही भीती सरकारनेच घातली होती. त्या भीतीपोटी माणूस गप्प बसला, की सरकारच म्हणणार, हा फुटेल. आपणच रचलेल्या सापळ्याचं खापर त्यात अडकलेल्यावर फोडणं हा उघड अन्याय होता.

आजचे नियम या बाबतीत शहाणे आहेत. चौकशीत पकडलं जाण्याआधी स्वतःहून चूक दुरुस्त केली, ब्लॅकमेलची शक्यता घालवली, तर ते जमेस धरलं जातं. केवळ लैंगिक कल पाहून क्लिअरन्स नाकारायला १९९५ साली क्लिंटन यांच्या आदेशाने बंदी आली. कॅमेनी यांची सरकारने माफी मागितली ती २००९ साली. तेव्हा ते ८४ वर्षांचे होते.